रेंजची फांदी

फांदी मोडली ती शब्दकोशाच्या वजनानं.

पंचनामा करायचा तर असा करावा लागेल: पासली गावाच्या वर, तासाभराच्या चढणीवर आठ घरांची धनगरवस्ती. वस्तीच्या टोकाला हिरड्याचं जुनं झाड. त्याची एक फांदी दरीवर झुकलेली, आणि त्या फांदीला, कापडी पिशव्यांतून, ओळीनं नऊ मोबाईल टांगलेले. कार्तिकातल्या एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास भोरचे निवृत्त इंग्रजी शिक्षक मानसिंग गुरुजी धापा टाकत तिथं पोचले, टोपीनं वारा घेतला आणि खांद्यावरची शबनम समोर दिसली त्या फांदीला अडकवली. शबनममध्ये पाण्याची बाटली, दोन वह्या, पत्नी सुलक्षणाबाईंनी दिलेला चपातीभाजीचा डबा आणि दोन किलोंचा इंग्रजी शब्दकोश. फांदीनं क्षणभर विचार केला. नऊ मोबाईल तिनं चार वर्षं विनातक्रार सांभाळले होते. पण एवढी विद्वत्ता तिच्यानं पेलवेना. कडाड् आवाज झाला आणि अख्खी वस्ती जगापासून तुटली.

सात मोबाईल करवंदीच्या जाळीत पडले म्हणून वाचले. एक बटणाचा होता, तो कातळावर आपटून वाजायला लागला, इतकंच. नववा मात्र काच खाली करून दगडावर पडला.

"रेंज पडली! आरं, रेंज पडली!" असं ओरडत पहिल्यांदा धावत आला तो ज्ञानू. वस्तीतल्या नऊ मोबाईलपैकी दोन त्याचे, त्यामुळं दुःखही दुप्पट. मागोमाग बायका, म्हातारे, दोन कुत्री. गुरुजी मोडकी फांदी हातात धरून उभे होते, जणू परत चिकटवता येईल अशा आशेनं.

आता गुरुजी इतक्या लांब फांदी मोडायला आले नव्हते, हेही सांगायला हवं. एकतीस वर्षं भोरात इंग्रजी शिकवून झाल्यावर त्यांनी एक वही घातली होती. आपल्या मुलखात येऊन राहिलेले इंग्रजी शब्द गोळा करायचे, कोण कसा वापरतं ते लिहायचं आणि शब्द मुळात कुठून आला ते शोधायचं. तीन वर्षांत ते 'र'पर्यंत आले होते आणि 'रेंज'पाशी अडकले होते. भोरच्या बाजारात कांदेवाली म्हणाली, "या रेंजमधला कांदा दुसरीकडं मिळणार न्हाई." वडापच्या जीपवाल्यानं एका लग्नाबद्दल मत दिलं, "पोरगी त्याच्या रेंजच्या भायेर हाय." आणि सगळ्यांत जास्त वापर गुरुजींच्या मेव्हण्याचा. फोन का उचलला नाही, याला त्याचं बारा महिने एकच उत्तर, रेंज नव्हती. मेव्हण्याच्या घराच्या गच्चीवरच टॉवर होता, ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की पासलीच्या वर बयाबाई मरगळे म्हणून एक आहेत, त्यांना रेंज हाताच्या रेषांसारखी पाठ आहे. झालं. भोरहून नसरापूर, नसरापूरहून वेल्हे, वेल्ह्याहून पासली अशा तीन गाड्या बदलून, वर तासभर चढून गुरुजी एक प्रश्न विचारायला आले होते: रेंज हा शब्द तुमच्याकडं पहिल्यांदा कुठून आला?

प्रश्न खिशातच राहिला. कारण गर्दीतून एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी पुढं आली, तिनं दगडावरचा मोबाईल उचलला, काचेवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"चालू आहे," ती म्हणाली. "पण बोट घेत नाही."

"प्रेरणे, आज तुजा फोन येनार हुता न्हवं?" ज्ञानूची बायको म्हणाली.

प्रेरणा रडली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं. ती शांतपणे, परीक्षेत उत्तर सांगावं तसं सांगत होती. नर्सिंगच्या कॉलेजात तिचं नाव वेटिंगला होतं. कोणीतरी जागा सोडली. कॉलेजच्या ऑफिसनं काल कळवलं होतं, उद्या बारा ते दोनमध्ये फोन करू, फोनवर हो म्हणायचं, की जागा पक्की. फोन लागला नाही तर यादीतलं पुढचं नाव.

"खाली पासलीत जाऊ," गुरुजी घाईनं म्हणाले. "मी येतो बरोबर."

"पासलीत तीन दिस झालं रेंज न्हाई," ज्ञानू म्हणाला. "आन् वेल्ह्याला जानारी एसटी दीडला. म्हनून तर समदी या फांदीच्या जिवावर हुती, गुर्जी."

सव्वाअकरा झाले होते.

तेव्हा वरच्या बाजूनं शेळ्या उतरल्या आणि शेळ्यांमागून बयाबाई. साठी केव्हाच ओलांडलेली, उंचीनं बेताची, डोक्याला पदर घट्ट, हातात काठी. त्यांनी आधी झाडाकडं पाहिलं, मग फांदीकडं, मग फांदी धरलेल्या माणसाकडं.

"पिशवीत काय हुतं?"

"शब्दकोश," गुरुजी पुटपुटले.

"त्यात काय आसतं?"

"शब्द."

बयाबाईंनी शबनम काठीनं जराशी उचलून पाहिली. "लई जड हाईत," त्या म्हणाल्या आणि प्रेरणाकडं वळल्या. ती त्यांची नात, मुलाची, धनाजीची थोरली. "चल. दगडांवर जाऊ."

दगडांची हकीकत वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती. गुरुजींना ती ज्ञानूनं मोबाईल वेचता वेचता सांगितली. बारा वर्षांपूर्वी धनाजी शिरवळला कंपनीत लागला आणि त्यानं आईला एक मोबाईल आणून दिला. वस्तीतला पहिला. आणला खरा, पण वाजेना. लोक म्हणाले, खेळणं आहे, नातीला द्या. बयाबाईंनी तो कमरेच्या चंचीत पान-सुपारीशेजारी ठेवला आणि शेळ्यांमागं निघाल्या. दीड महिन्यानं एका उतारावर कंबर वाजली. लेकाचा आवाज ऐकून झाल्यावर बयाबाई तिथून हलल्या नाहीत. वाकून एक दगड घेतला, पायाखालच्या जागेवर ठेवला, वर चंचीतल्या चुन्याचं बोट ओढलं. त्या दिवसापासून जिथं वाजला तिथं दगड. वर्षाअखेर अकरा दगड झाले. एक धनाजीचा, कारण तिथं लेकाचा फोन लागे. एक खव्याचा, तिथून खवा न्यायला येणाऱ्या गाडीला निरोप जाई. एक दवाखान्याचा, तिथं दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं की रुग्णवाहिका बोलावता येई, उत्तरेला केलं की नुसती खरखर.

फांदीही बयाबाईंनीच शोधली. दगडापर्यंत चालवत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी घराजवळ काहीतरी हवं म्हणून त्यांनी काठीला मोबाईल बांधून एकेक झाड चाचपलं. हिरड्याच्या बुंध्याला काही नाही, मधल्या फांद्यांना काही नाही, या एका फांदीच्या शेंड्याला मात्र मोबाईलवर रेंजच्या दोन काड्या. दरीपलीकडचा कुठलासा टॉवर तिथूनच काय तो दिसे. मग नियम ठरला. सकाळी टांगायचे, दिवेलागणीला काढायचे. दुसऱ्याचा वाजला तर उचलायचा नाही, नुसती हाळी द्यायची. कोणाचा वाजतो ते पिशवीच्या रंगावरून कळे. जास्तीत जास्त हाळ्या बयाबाईंच्या, कारण शेळ्या तिथंच चरायच्या. चार वर्षं हे नीट चाललं होतं. शबनम टांगण्याबद्दल नियम करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"मी येऊ?" गुरुजींनी विचारलं.

"या," बयाबाई म्हणाल्या. "पिशवी हितंच ऱ्हाऊ द्या."

चढण उभी होती. पुढं शेळ्या, मग बयाबाई, मग प्रेरणा, आणि एकेक दगड पारखत गुरुजी. भीती वाटली की गुरुजींना बोलायची सवय होती. वर्गात तपासनीस आले की ते असेच धडाधड बोलत.

"बरं का बयाबाई, हा रेंज शब्द मुळात मोबाईलचा नाहीच. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ ओळ. सैनिक ओळीत उभे केले, ती रेंज. डोंगर ओळीनं उभे दिसले, तर त्यांनाही तेच नाव मिळालं."

"समोर बघून चाला," बयाबाई म्हणाल्या. "डोंगर वळीत हाईत ते आमाला हितं दिसतंय."

खरंच दिसत होतं. एकामागं एक निळ्या कडा थेट वरंधा घाटाच्या बाजूला सरकत गेल्या होत्या. डोंगररांगेतली 'रांग' आणि ही 'रेंज' एकाच घरातल्या असाव्यात, असं गुरुजींना फार वाटे. पण पुरावा मिळेना, म्हणून वहीत ती ओळ अजून पेन्सिलीनं होती.

"त्याच्याही मागं गेलं तर शब्दाचा अर्थ कडं, गोल. माणसं गोल करून उभी राहायची, त्याचं पुढं ओळ झालं. मग ओळीवरून हिंडणं आलं. इकडून तिकडं मोकळं फिरायचं, जनावरं चारत. तिकडं अमेरिकेत चराईच्या रानालाच रेंज म्हणतात!"

बयाबाई पहिल्यांदाच थांबल्या. "चराईच्या रानाला?"

"हो."

"मग आमी काय वेगळं करतोय?" आणि पुन्हा चालू लागल्या.

"आणि बंदुकीची गोळी जिथवर जाते ती..."

"सर," प्रेरणा मागं न बघता म्हणाली, "दम वाचवा. अजून दोन टेकाडं आहेत."

पहिला दगड धनाजीचा. चुन्याची रेघ पावसानं धुऊन गेली होती, पण बयाबाईंनी काठीनं गवत बाजूला केलं आणि दगड तिथंच होता. प्रेरणा त्यावर उभी राहिली. काडी नाही. चार वर्षांत समोर कारवी माणसापेक्षा उंच माजली होती, त्यामागं दरीही दिसेना.

"म्हातारा झाला," बयाबाई दगडाला म्हणाल्या.

दुसरा, खव्याचा. तिथं एक काडी आली, गेली, आली. प्रेरणानं फोन दोन्ही हातांत धरला. फोन थरथरला आणि वाजायला लागला! तिनं काचेवर बोट ओढलं. ढिम्म. पुन्हा ओढलं, अंगठ्यानं, ओढणीनं पुसून. काचेखाली हिरवा ठिपका उड्या मारत होता आणि तिचं ऐकत नव्हता. सातदा वाजून फोन गप्प झाला, मग काडीही गेली. बारा वाजून चाळीस मिनिटं.

प्रेरणा बयाबाईंकडं वळली. "त्यांचाच होता, आज्ये. आता पुढच्याला करतील."

बयाबाईंनी तिच्या हातातला मोबाईल घेतला, उलटसुलट करून पाहिला. "दोन वाजले?"

"नाही."

"मग?"

खाली वस्तीत आठ फोन धड होते, पण निघायच्या घाईत एखादा बरोबर घ्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं. गुरुजी एवढा वेळ खाली मान घालून उभे होते. त्यांनी खिशातून आपला मोबाईल काढला. सुलक्षणाबाईंनी पासष्टीला घेऊन दिलेला, काचेवर अजून दुकानातलं पातळ प्लास्टिक. "माझ्यात तुझं सिम घाल," ते म्हणाले. "माझं काढून टाक. मला कोण फोन करणार आहे? मेव्हण्याला तर रेंजच नसते."

सिमची खाच उघडायला बारीक टाचणी हवी. टाचणी खाली शबनममध्ये. प्रेरणानं कानातली तार काढायला हात नेला, तोवर बयाबाईंनी करवंदीचा वाळका काटा मोडून तिच्या तळहातावर ठेवला होता. दुसऱ्या दाबात खाच उघडली. डोंगराच्या उतारावर तीन डोकी एकत्र करून, वाऱ्याला पाठ देऊन, त्यांनी नखाएवढं ते सिम बदललं. एका शेळीनं मध्ये तोंड घातलं, तिला गुरुजींनी इंग्रजीत दटावलं.

तिसरा दगड दवाखान्याचा. तो थेट कड्याच्या खांद्यावर. तिथं पोचले तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. प्रेरणा दगडावर चढली, दक्षिणेला तोंड केलं. काही नाही. बयाबाईंनी तिचा हात मनगटाला धरून वर केला. काडी चमकली आणि विझली.

"उंची कमी पडतीय," बयाबाई म्हणाल्या. त्यांनी मागं वळून गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी सहा फूट होते. शाळेत फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत त्यांचा हात विनासायास पोचायचा. "गुर्जी, तुमी चढा."

"मी?"

"हात वर करा. फोन टोकाला धरा. अजून. चवड्यावर व्हा. आता डावीकडं वाईच. ऱ्हावा!"

दोन काड्या. आणि त्या काड्यांबरोबर टिंग करत निरोप आला: मधल्या वेळात कॉलेजच्या नंबरवरून आणखी एक फोन येऊन गेला होता.

"हालू नका," बयाबाई म्हणाल्या. "आता तुमी फांदी."

प्रेरणानं शेजारच्या कातळावर चढून, त्यांच्या उंचावलेल्या हाताशी टाचा उंचावून तोच नंबर लावला आणि आवाज मोठा केला. एंगेज. पुन्हा. एंगेज. गुरुजींच्या खांद्यात मुंग्या आल्या, पोटऱ्या थरथरू लागल्या. एकतीस वर्षं ज्या ज्या मुलांना त्यांनी हात वर करून उभं राहण्याची शिक्षा दिली होती, ती सगळी एकेक करून डोळ्यांसमोर येऊन गेली. त्यांनी मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागितली. वाऱ्यानं टोपी उडाली. ती एका करडाच्या शिंगात अडकली. कोणी हसलं नाही.

एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी गुरुजींची बोटं आपोआप वाजायला लागली.

प्रेरणानं हात लांब करून बटण दाबलं.

"प्रेरणा धनाजी मरगळे?" आकाशातून एक बाई बोलल्या.

"हो! हो मॅडम, मीच बोलतेय!" प्रेरणा गुरुजींच्या कोपराकडं तोंड करून ओरडली.

"तिसऱ्यांदा लावतेय. कुठं होतात?"

"चढत होते मॅडम!"

"बरं. जागा हवी आहे ना?"

"हो! हवी आहे!"

"सोमवारी दहाला, मूळ कागदपत्रं घेऊन. तुमचं नाव घातलं मी. अहो, आवाज इतका लांबून का येतोय?"

"सर उंच आहेत मॅडम!" असं काहीतरी प्रेरणा बोलून गेली आणि मग तिलाच हसू आलं, आणि हसता हसता जे मघापासून अडवून धरलं होतं ते डोळ्यांतून वाहायला लागलं. फोन तुटला. पण नाव घालून झालं होतं.

बयाबाईंनी पदरानं नातीचं तोंड पुसलं, जरा जोरातच. "आता रडाय काय झालं? सोमवारी जायचंय. धनाजीला सांग." मग गुरुजींकडं वळून म्हणाल्या, "हात खाली घेऊ नका आजून. तिच्या बाला फोन लावायचाय."

उतरताना गुरुजींचा उजवा हात कमरेच्या खाली यायला तयार नव्हता. तसाच अर्धवट वर ठेवून ते वस्तीत शिरले तेव्हा ज्ञानूनं वस्तीभर बातमी केली, "आली, आली! फांदी चालत आली!" बायकांनी हसत हसत पाण्याचा तांब्या पुढं केला. कोणीतरी करडाच्या शिंगातली टोपी काढून आणली. प्रेरणा दारोदार जाऊन सोमवार सोमवार सांगत होती, आणि प्रत्येक घरातून गुळाचा खडा तिच्या तोंडात पडत होता. एक खडा गुरुजींच्याही वाट्याला आला. तो त्यांनी इतक्या अपराधी चेहऱ्यानं खाल्ला की ज्ञानूच्या बायकोनं दुसरा दिला.

गुरुजींनी तिथंच जाहीर केलं की पुढच्या आठवड्यात ते पुन्हा येतील, खालून मेसाच्या बांबूची चांगली जाड काठी आणतील, मोडक्या फांदीइतका दरीवर झुकेल असा खांब स्वतः उभा करतील, आणि नऊ खुंट्या ठोकतील.

"धा ठोका," बयाबाई म्हणाल्या. "पोरगी नर्स झाली की नवा घील."

ऊन कलायला लागलं होतं. खालची शेवटची एसटी गाठायची होती. गुरुजींनी शबनम उचलली, आणि निघता निघता त्यांना आठवलं की आपण तीन गाड्या बदलून एक प्रश्न विचारायला आलो होतो. कट्ट्यावर बसून त्यांनी वही काढली, 'र'चं पान उघडलं, डाव्या हातात पेन धरलं, कारण उजवा अजून फांदीच होता. बयाबाई शेळ्या मोजत होत्या.

"बयाबाई, एवढं मात्र सांगा. वहीत तुमच्या नावानं लिहितो. ही रेंज तुमच्याकडं पहिल्यांदा आली कुठून?"

बयाबाईंनी शेवटची शेळी आत घातली, फाटकाला दोरी अडकवली आणि मान न वळवता म्हणाल्या,

"आली कुठनं ते ऱ्हाऊ द्या, गुर्जी, गेली कुनामुळं ते आदी लिवा."